दोन पौंडांची मुभा

आधी कशाला हात घालायचा आणि काय मागे ठेवायचं, हे सांगणाऱ्या म्हणी इंग्रजीत पुष्कळ आहेत. घोड्यापुढे गाडी जुंपू नये, असं इंग्रज बजावतो. पेनी राखताना शहाणा आणि पौंड घालवताना वेडा असलेल्या माणसाला तो नावं ठेवतो. झाडं बघण्याच्या नादात ज्याला जंगलच दिसत नाही, त्याची तो कीव करतो. संकट दाराशी आलेलं असताना कुणी किरकोळ कामं निगुतीने आवरत बसला, तर ‘हा टायटॅनिकच्या डेकवरच्या खुर्च्या नीट लावतोय’ असं म्हणतो. आपल्याकडे हे सगळं काम तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडी असलेलं एकच वाक्य करतं: आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं.

म्हणी पाठ करायला वेळ लागत नाही. त्या उमगल्या की नाहीत, ते मात्र प्रसंग आल्यावर कळतं. हाताशी वेळ नाही, ओझं मोजकंच नेता येणार आहे आणि काय घ्यायचं, काय टाकायचं हे आत्ताच्या आत्ता ठरवायचं आहे, अशा वेळी माणूस काय उचलतो ते पाहावं. इंग्लंडहून निघालेल्या दोन मोहिमांवर ही वेळ आली. एक उत्तरेच्या बर्फात गेली, दुसरी दक्षिणेच्या. दोघींचीही जहाजं बर्फात अडकली आणि दोघींतल्याही माणसांना जहाज सोडून चालत निघावं लागलं. ही गोष्ट त्यांची आहे आणि खरी आहे.

पहिली मोहीम सर जॉन फ्रँकलिनची. 1845 च्या मे महिन्यात ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं इंग्लंडहून निघाली. अमेरिकेच्या डोक्यावरून, बर्फाळ समुद्रातून पॅसिफिकला जाणारी वाट शोधायची होती. तयारीत काही कमी नव्हतं. तीन वर्षांचा शिधा होता, हजारावर पुस्तकं होती, हाताने फिरवून सूर काढायचा ऑर्गन होता आणि अधिकाऱ्यांसाठी चांदीचे काटे-चमचे होते. 1846 च्या सप्टेंबरात किंग विल्यम बेटाजवळ जहाजं बर्फात रुतली आणि पुढचा उन्हाळा आला तरी सुटली नाहीत. 1847 च्या जूनमध्ये फ्रँकलिनचा मृत्यू झाला. 1848 च्या एप्रिलमध्ये उरलेली 105 माणसं जहाजं सोडून पायी निघाली. दक्षिणेला एका मोठ्या नदीचं मुख होतं, तिथवर पोचायचा बेत होता. मोहिमेतल्या 129 जणांपैकी एकही घरी परतला नाही.

अकरा वर्षांनी, 1859 मध्ये, मॅक्लिंटॉक नावाच्या अधिकाऱ्याच्या शोधपथकाला त्या बेटाच्या किनाऱ्यावर एक होडी सापडली. 28 फूट लांबीची ती होडी एका जड लाकडी घसरगाडीवर चढवलेली होती. होडी आणि गाडी मिळून वजन सुमारे 1400 पौंड, म्हणजे सहाशे किलोंच्या वर, आणि हे सगळं माणसांनी दोर खांद्यावर घेऊन ओढलेलं. आत दोन सांगाडे होते. त्यांच्याभोवती रेशमी रुमाल, टॉवेल, साबण, कंगवे, दात घासायचे ब्रश, बरीचशी धार्मिक पुस्तकं, एक कादंबरी, खिळे, करवती, कानशी आणि चांदीचे 26 काटे-चमचे होते. खाण्याचं म्हणावं तर थोडा चहा आणि चाळीसेक पौंड चॉकलेट. ना बिस्किटं, ना मांस. त्याच किनाऱ्यावर, माणसं जिथे जहाजावरून प्रथम उतरली होती तिथे, टाकून दिलेल्या सामानाचा ढीग होता. त्यात चार जड शेगड्या, पडद्याची दांडी आणि विजेपासून जहाज वाचवणारी सळईसुद्धा होती.

चमच्यांनी या माणसांचा जीव घेतला, असं कुणी म्हणू नये. दोन हिवाळे बर्फात काढून ती खंगलेली होती, आजारी होती, उपाशी होती. चांदी देऊन स्थानिक इनुइट लोकांकडून अन्न मिळवू, असाही त्यांचा हिशेब असू शकतो. पण मॅक्लिंटॉक स्वतः बर्फावर गाड्या ओढलेला माणूस होता. एवढं निरुपयोगी ओझं गाडी ओढणाऱ्यांची ताकद संपवून टाकतं, असंच त्याने लिहून ठेवलं. मला यात त्या माणसांचा मूर्खपणा दिसत नाही, सवय दिसते. जहाजावर जे लागत होतं ते त्यांनी उचललं. पडद्याची दांडी जहाजावर लागते. चांदीचा चमचा अधिकाऱ्याच्या टेबलावर लागतो. आता टेबल नाही, जहाज नाही, समोर शेकडो मैलांचं बर्फ आहे, हे पायांना कळलं होतं. सामान बांधणाऱ्या हातांना ते कळलं नव्हतं.

दुसरी मोहीम अर्नेस्ट शॅकल्टनची. हा जन्माने आयरिश, लहानाचा मोठा झाला लंडनमध्ये. अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायचा, हे त्याने ठरवलं होतं. त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, धनिकांचे उंबरे झिजवले, पैसा उभा केला. 1914 च्या ऑगस्टमध्ये ‘एन्ड्युरन्स’ जहाज इंग्लंडहून सुटलं. त्यावर पुढे 28 माणसं झाली. 1915 च्या जानेवारीत वेडेल समुद्रात, किनारा अगदी आवाक्यात आलेला असताना, जहाज बर्फात अडकलं. नऊ महिने ते बर्फाबरोबर वाहत राहिलं. अखेर 27 ऑक्टोबरला बर्फाच्या दाबाने जहाजाची लाकडं फुटायला लागली आणि सगळ्यांना खाली उतरावं लागलं. बर्फावर तंबू ठोकून माणसं जहाजाचं मोडणं ऐकत बसली.

इथे शॅकल्टनने जे केलं, ते या गोष्टीतलं सगळ्यात अवघड काम आहे असं मी मानतो. खंड ओलांडायचं स्वप्न त्याने तिथेच सोडलं. जहाज गेलं, सामान गेलं, आता आपण घरी जायचं, एवढंच त्याने माणसांना साध्या आवाजात सांगितलं. ज्या कामासाठी उभं आयुष्य पणाला लावलं ते काम संपलं आणि सगळ्यांना जिवंत घरी नेणं हे नवं काम सुरू झालं. त्या दिवसापासून त्याने प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही वस्तू माणसांना घरी पोचवायला मदत करते का?

चालत निघायचं होतं. सुमारे साडेतीनशे मैलांवरच्या एका बेटावर जुन्या मोहिमेने ठेवलेला शिधा आणि निवारा होता. होड्या बरोबर ओढून न्यायच्या होत्या, कारण बर्फ संपल्यावर समुद्र लागणार. म्हणून हुकूम निघाला, की प्रत्येकाने खासगी सामान दोन पौंडच घ्यायचं. दोन पौंड म्हणजे किलोभराहूनही कमी. पायमोजे, चाकू, एखादी लहानशी पिशवी, एवढ्यातच ते संपतं. डॉक्टरांच्या औषधांना आणि रोजनिशी लिहिणाऱ्यांच्या वह्यांना तेवढी सूट होती.

हुकूम देऊन शॅकल्टन थांबला नाही. सगळ्यांना गोल उभं करून त्याने सगळ्यांदेखत स्वतःचे खिसे रिकामे केले. सोन्याची सिगारेटची डबी काढली आणि बर्फात टाकली. सोन्याची नाणी काढली, तीही टाकली. राणी अलेक्झांड्राने जहाजाला भेट दिलेलं बायबल होतं. त्यातलं राणीच्या हस्ताक्षराचं पान आणि जोबच्या कथेतलं एक पान त्याने फाडून खिशात ठेवलं आणि जाडजूड पुस्तक बर्फावर ठेवून दिलं. (टॉमस मॅक्लाउड नावाच्या खलाशाला पवित्र ग्रंथ असा टाकणं अशुभ वाटलं. त्याने कुणाला न सांगता तो उचलला आणि जपला. ते बायबल आज लंडनमध्ये आहे.) मालकानेच सोनं टाकलं म्हटल्यावर बाकीच्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. घड्याळं, पुस्तकं, उपकरणं, चांगले कपडे यांचा बर्फावर ढीग पडला.

पण घरच्या माणसांचे फोटो ठेवायला त्याने सांगितलं. पुढे त्याने याचं कारणही लिहिलं आहे. वाट लांबची, कदाचित एखाद्या ओसाड किनाऱ्यावर हिवाळा काढावा लागेल. अशा वेळी मनाला धरायला माणसाजवळ घरची काहीतरी खूण लागते. म्हणून नाणी गेली आणि फोटो राहिले.

आणि मग बँजो. लेनर्ड हसी हा मोहिमेचा हवामानतज्ज्ञ. त्याच्याजवळ एक बँजो होता, वजन बारा पौंड. म्हणजे सहा माणसांच्या वाट्याचं सामान एकट्या त्या वाद्याला लागणार. हसीने तो सोडून द्यायची तयारी केली होती. शॅकल्टननेच तो घ्यायला लावला. हे मनाचं औषध आहे आणि आपल्याला ते लागणार आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

बोधकथा सांगणारा इथे थांबतो, तसा मीही थांबतो. ‘कामाचं ते ठेवा, बिनकामाचं टाका’ एवढाच नियम असता तर बँजो पहिल्या झटक्यात ढिगाऱ्यावर पडला असता. ‘मौल्यवान ते ठेवा’ हा नियम असता तर नाणी वाचली असती. शॅकल्टनने दोन्ही नियम बाजूला ठेवले, कारण त्याचं साध्य पक्कं होतं. माणसं घरी न्यायची तर ती नुसती शरीराने टिकून भागत नाही, मनानेही टिकावी लागतात. बर्फावर सोनं कशालाच उपयोगी नाही. महिनोन् महिने अंधारात बसलेल्या माणसांना मात्र गाणं लागतं. आपण कशासाठी निघालो आहोत ते ज्याने आधी ठरवलं, त्याला वस्तूंची किंमत दुसऱ्या कुणाला विचारावी लागत नाही. ज्याने ते ठरवलेलं नाही, तो बाजारातली किंमत बघून सामान बांधतो.

फ्रँक हर्ली हा मोहिमेचा छायाचित्रकार. त्याने मोडत्या जहाजात शिरून, कमरेच्या वर आलेल्या बर्फाळ पाण्यात हात घालून, काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या बाहेर काढल्या होत्या. त्या सगळ्या नेणं शक्यच नव्हतं. हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसले आणि एकेक काच उजेडात धरून पाहत गेले. ठेवायच्या त्या एका बाजूला. नको असलेली काच हर्ली तिथल्या तिथे फोडत होता. नुसती बाजूला ठेवली असती तर रात्रीत मन बदललं असतं आणि सकाळी ती परत पेटीत गेली असती. अशा सुमारे चारशे काचा फुटल्या आणि सव्वाशेच्या आसपास उरल्या. आज त्या मोहिमेची जी छायाचित्रं जग पाहतं, ती त्या उरलेल्यांतली आहेत.

वाट सोपी नव्हती. बर्फाच्या उंचवट्यांवरून टनभराच्या होड्या ओढताना तीन दिवसांत जेमतेम दोन मैल झाले. शॅकल्टनने चालणं थांबवलं आणि तिथेच तळ ठोकला. आता चालायचं नाही, बर्फाबरोबर वाहत जायचं, म्हटल्यावर वजनाचा प्रश्नच मिटला. मग माणसं मोडक्या जहाजाकडे परत गेली आणि लाकडं, पिठाची पोती, राहिलेली तिसरी होडी, इतकंच काय, ज्ञानकोशाचे काही खंडही घेऊन आली. काल जे टाकलं होतं त्यातलं काही आज उचललं गेलं. यात धरसोड नव्हती. साध्य तेच होतं, परिस्थिती बदलली होती. 21 नोव्हेंबरला जहाज तळाशी गेलं.

1916 च्या एप्रिलमध्ये बर्फ फुटला. तीन होड्यांतून माणसं एलिफंट आयलंड नावाच्या उजाड बेटावर पोचली. तिथे कुणी शोधत येणार नव्हतं. म्हणून शॅकल्टन पाच जणांना घेऊन ‘जेम्स केअर्ड’ या 22 फुटी होडीतून आठशे सागरी मैलांवरच्या साउथ जॉर्जियाला निघाला. मागे राहिलेल्या 22 जणांनी दोन होड्या उलट्या घालून त्यांखाली चार महिन्यांवर काळ काढला. खायला पेंग्विन आणि सील. धुराने आणि चरबीने काळी झालेली ती माणसं दर शनिवारी गाणी म्हणायची आणि हसी बँजो वाजवायचा. त्यांचा मुखिया फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना बिछाने गुंडाळायला लावायचा, बॉस आजही येऊ शकेल म्हणून.

तिकडे शॅकल्टन साउथ जॉर्जियाला पोचला खरा, पण बेटाच्या चुकीच्या बाजूला. देवमासे पकडणाऱ्यांची वस्ती पलीकडे होती आणि मधले डोंगर कुणी ओलांडलेले नव्हते. पुन्हा तोच प्रश्न: काय न्यायचं? तीन दिवसांचं खाणं, एक स्टोव्ह, लहान भांडं, दोर आणि बर्फ तोडायला सुताराचा वाकस. झोपायच्या पिशव्या त्यांनी मागे ठेवल्या. म्हणजे वाटेत झोपायचंच नव्हतं. होडीतून बरोबर आलेल्यांपैकी वर्सली आणि क्रीन या दोघांना घेऊन तो सुमारे 36 तास चालत राहिला आणि 20 मे 1916 ला वस्तीवर पोचला. बाकीच्यांना सोडवायच्या तीन खटपटी बर्फाने उधळल्या. चौथ्यांदा चिलीच्या ‘येल्चो’ या लहानशा जहाजाने, कॅप्टन लुईस पार्दोच्या हाताखाली, 30 ऑगस्टला एलिफंट आयलंड गाठलं. बावीसच्या बावीस जिवंत होते. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर होती, तिथे तीन माणसं दगावली. एन्ड्युरन्सवरचे 28 जण मात्र सगळे परतले.

ही गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. तिच्यात हॅरी मॅकनिश नावाचा एक सुतारही आहे. त्याच्याजवळ एक मांजर होतं. नाव मिसेस चिप्पी, पण होता बोका. चालायला निघण्यापूर्वी शॅकल्टनने गाड्या ओढायला आणलेल्या कुत्र्यांच्या सगळ्यांत लहान पिल्लांना आणि त्या बोक्याला गोळी घालायला लावली, कारण ती ओझं ओढू शकत नव्हती आणि अन्न मोजकं होतं. हिशेब बरोबर होता. मॅकनिशने त्याबद्दल त्याला कधी माफ केलं नाही. डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा होड्या ओढायची वेळ आली तेव्हा मॅकनिश अडून बसला. जहाज बुडालं तेव्हा आमचा करारही संपला, मी तुझा हुकूम मानायला बांधलेलो नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. शॅकल्टनने ते जागीच दडपलं, पण मनातून काढलं नाही.

आता या सुताराचं काम पाहा. ‘जेम्स केअर्ड’ ही उघडी होडी होती, दक्षिण महासागरात ती टिकणं अशक्य होतं. मॅकनिशने खोक्यांच्या फळ्या आणि घसरगाडीच्या पट्ट्या जोडून तिच्यावर चौकट उभारली आणि गोठून कडक झालेलं कॅनव्हास शेकोटीवर नरम करून शिवून घेतलं. फटींत दिव्याची वात कोंबून वरून चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त भरलं. त्या होडीतून तो स्वतःही गेला. डोंगर चढणाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांत घट्ट पकडीसाठी स्क्रू बसवले तेही त्यानेच, त्याच होडीतून काढून. वाकसही त्याच्याच पेटीतला. मागचे 22 जण वाचले ते होडी पोचली म्हणून आणि होडी पोचली त्यात या माणसाच्या हातांचा वाटा फार मोठा आहे.

मोहिमेतल्या बहुतेकांना इंग्लंडच्या राजाचं ध्रुवपदक मिळालं. कुणाला द्यावं याची शिफारस शॅकल्टनची होती. त्याने चार नावं गाळली, त्यांत मॅकनिशचं होतं. मॅकनिश 1930 मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन इथे गरिबीत वारला. 2004 मध्ये तिथल्या लोकांनी करोरीच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर मिसेस चिप्पीचा ब्राँझचा पुतळा बसवला.

सोनं टाकून बँजो उचलणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. जहाज, स्वप्न, पैसा आणि मान हे सगळं 28 जिवांपुढे कमी आहे, हे त्याने बर्फावर उभं राहून ठरवलं आणि निभावलं. पण घरी परतल्यावर एका माणसाचा डिसेंबरातला एक दिवस त्याने त्याच माणसाच्या बाकीच्या सगळ्या कामापेक्षा मोठा धरला. तिथे शॅकल्टन चुकला. मॅकनिशला ते पदक द्यायला हवं होतं.